सेकंडहँड सीव्हीटी गाडी घ्यावी का? (रोज देवरुख–रत्नागिरी, महिन्यातून एकदा आंबा घाट)

देवरुखी_मास्तर
नमस्कार मंडळी. गेल्या वर्षी डाव्या गुडघ्याचं ऑपरेशन झालं, तेव्हापासून क्लच म्हणजे शिक्षा झालीय. देवरुख–रत्नागिरी रोज जाऊन-येऊन ९० किलोमीटर, शिवाय महिन्यातून एकदा लेकीकडे कोल्हापूरला, म्हणजे साखरप्यावरून आंबा घाट आलाच. बजेट सव्वासहा लाख, खेचून साडेसहा. पनवेलच्या एका डीलरकडे २०१८ची पेट्रोल हॅचबॅक बघून ठेवलीय. सीव्हीटी (म्हणजे क्लच नसलेली एक ऑटोमॅटिक), ६१,००० किमी, एकच मालक, एमएच-४६ पासिंग, ६ लाख २० हजार सांगतोय.

आमचा इथला मेकॅनिक म्हणाला, "सर, सीव्हीटी म्हणजे उसाचा चरक. चालतंय तोवर चालतंय." त्याला नक्की काय म्हणायचं होतं कळलं नाही, पण स्वर आशीर्वादाचा नव्हता.

प्रश्न एवढाच: सात-आठ वर्षं वापरलेला सीव्हीटी गिअरबॉक्स अजून सहा-सात वर्षं निभावेल का? गाडीचं नाव मुद्दाम देत नाही, नाहीतर धागा ब्रँडवर घसरेल.

आठळी
घेऊ नका. पोळलेला माणूस सांगतोय. सविस्तर नंतर लिहितो.

चाकरमानी_४७
आता याचं सविस्तर थेट गणपतीनंतर.

कोकमसार
मी उलटं सांगते. माझी २०१५ची होंडा सिटी सीव्हीटी, आजचं रीडिंग १,३८,००० किमी. अलिबाग–मुंबई आठवड्यातून दोनदा, वडखळचा ट्रॅफिक धरून. गिअरबॉक्सचं तेल तीनदा बदललं, बाकी आजवर त्याच्यावर एक रुपया खर्च नाही. मास्तर, गुडघा जपा आणि बिनधास्त घ्या.

स्पॅनर_पाना
कुडाळला १८ वर्षं गॅरेज आहे, म्हणून दोन शब्द.

सीव्हीटीत गिअर नसतात. दोन पुली असतात, प्रत्येक पुली म्हणजे समोरासमोर ठेवलेल्या दोन बशा. बशा जवळ आल्या की पट्टा वर चढतो, लांब गेल्या की खाली उतरतो. एक पुली फाकते तेव्हा दुसरी आवळते, असा गिअर सतत बदलत राहतो. हा पट्टा पोलादाचा. शेकडो पातळ चकत्या एकाला एक लावून पोलादी पट्ट्यांवर ओवलेल्या. चकत्या एकमेकींना ढकलतात आणि त्यावर गाडी चालते. पट्ट्याला पकडून ठेवतो तो तेलाचा दाब. तेल जळकं, कमी किंवा चुकीचं असलं की पट्टा घसरतो. एकदा घसरला की पुलीवर ओरखडा, ओरखड्यातून लोखंडाचा चुरा, चुरा तेलात, तेल व्हॉल्व्हमध्ये. मग तुम्ही माझ्याकडे.

तेव्हा "सीव्हीटी टिकते का" हा प्रश्न अर्धाच झाला. या गाडीचं तेल कोणी, कधी, कुठलं घातलं ते आधी विचारा. बरेच जण कधीच बदलत नाहीत, कारण त्यांना कोणीतरी "लाइफटाइम ऑइल" असं सांगितलेलं असतं. लाइफ कोणाची, ते सांगत नाहीत.

तारकर्ली_तारू
मास्तरांनू, माझ्याकडे जुनी कायनेटिक होंडा स्कूटर आसा. तीपण ह्याच जातीची, गिअर नाय. बेल्ट तुटलो की कुडाळाक जावन नवो घालतंय, झाला. ह्या गाडीच्या बेल्टाक येवढो कसलो मान?

स्पॅनर_पाना
तारूभाऊ, तुमचा बेल्ट रबराचा आणि कोरडा. झाकण काढलं की हातात येतो. गाडीचा बेल्ट तेलात बुडालेला, सीलबंद पेटीत. तो बदलायचा म्हणजे पेटी उतरवून पूर्ण खोलायची. आमच्याकडे कोण खोलत नाही, कंपनीवाले अख्खी पेटीच बदलतात.

पण जात एकच, हे बरोबर. गाडीतपण सुरुवात रबरी पट्ट्यानेच झाली. १९५८ साली हॉलंडच्या डाफ कंपनीने व्हेरिओमॅटिक नावाने आणली. पोलादी पट्टा बाजारात आला तो १९८७च्या सुबारू जस्टीतून.

आठळी
घ्या, सविस्तर. गणपतीच्या आधी.

कंपनीचं नाव घेत नाही. २०१६ची गाडी, मी २०२१ला घेतली, तेव्हा ५८,००० किमी. दोन वर्षं लोण्यासारखी चालली. मे महिन्यात चिपळूणहून कराडला निघालो, आत पाच माणसं, एसी चालू, डिकीत आंब्याच्या सहा पेट्या. कुंभार्ली घाटात निम्म्यावर आलो आणि सायरनसारखा बारीक आवाज यायला लागला. बायको म्हणाली, "मागून ॲम्ब्युलन्स येतेय, बाजूला घे." मागे कोणीच नव्हतं. मग डॅशबोर्डवर पिवळा दिवा लागला आणि गाडी २० च्या वर जाईना. ॲक्सिलरेटर दाबला की इंजिन ओरडतं, गाडी जागेवर. वळणावर थांबलो. बोनेट उघडून आम्ही सगळे आत बघतोय तोवर माकडांनी डिकीतली एक पेटी फोडली.

वर्कशॉपने अख्ख्या गिअरबॉक्सचं एस्टिमेट दिलं २ लाख १५ हजार. गाडी तेव्हा जेमतेम साडेचार लाखांची. विकून टाकली, येईल त्या भावाला.

हेडलाइट
तेल बदललं होतं?

आठळी
नाही. सर्व्हिसला विचारलं होतं, "गरज नाही" म्हणाले.

हेडलाइट
मग स्पॅनरभाऊ म्हणतात तेच झालं. पण सगळं खापर तेलावर फोडू नका, गिअरबॉक्सच्या काही पिढ्या मुळातच कच्च्या निघाल्या. अमेरिकेत निसानला २००३ ते २०१० च्या मॉडेलांची सीव्हीटी वॉरंटी वाढवून १० वर्षं किंवा १,२०,००० मैल करावी लागली होती. कोणती कंपनी हौस म्हणून वॉरंटी वाढवते?

कोकमसार
त्या गाड्या वेगळ्या, गिअरबॉक्स वेगळे. त्यांच्यावरून देवरुखची २०१८ची हॅचबॅक बाद करायची म्हणजे एकाला शिळा बांगडा बाधला म्हणून गावाने मासे सोडायचे.

हेडलाइट
बांगडा आपल्या तब्येतीला मानवतो का, ते ताटावर बसायच्या आधी बघायचं, एवढंच म्हणतोय.

चाकरमानी_४७
नाव न घेताही धागा ब्रँडवर घसरलाच. मास्तर, वर्गात असंच होतं का?

देवरुखी_मास्तर
वर्गात निदान हात वर करतात.

सडा_आणि_समुद्र
एएमटी का नाही घेत? आतला गिअरबॉक्स साधा मॅन्युअल, वर फक्त क्लच दाबणारा आणि गिअर टाकणारा यंत्राचा हात. बिघडला तरी लांज्याचा मेकॅनिकसुद्धा क्लच प्लेट बदलून देईल. घरात सेलेरिओ आहे, पहिल्या लॉटमधली, २०१४ची.

कोकमसार
घाटात चढावर ट्रॅफिक लागला की एएमटी मागे सरकते. मागे ऊस भरलेला ट्रक असेल तर तुमचं देवावरचं प्रेम वाढतं. शिवाय गिअर पडताना मान पुढे-मागे होते. मास्तरांना गुडघ्याबरोबर मानेचं दुखणं कशाला?

सडा_आणि_समुद्र
चढावर हँडब्रेक वापरायचा असतो, ताई. आमच्या वेळी ड्रायव्हिंग स्कूलमध्ये तेच पहिलं शिकवायचे.

हेडलाइट
दोघांचंही बरोबर. फक्त एक लक्षात घ्या: मारुतीच्या बलेनोत २०२२ पर्यंत सीव्हीटी होती, नव्या बलेनोत तिच्या जागी एएमटी आली. लोकांनी लगेच "सीव्हीटी खराब म्हणून काढली" असा अर्थ लावला. एएमटी स्वस्त पडते, एवढं कारण मला पुरेसं वाटतं.

पावसाळी_बेडूक
माझा एक बावळट प्रश्न. टोयोटा हायरायडर हायब्रीडच्या माहितीपत्रकात "ई-सीव्हीटी" लिहिलंय. तिच्यातही हाच पट्टा?

स्पॅनर_पाना
बावळट नाही, माझ्याकडे येणारे निम्मे लोक हेच विचारतात. त्यात पट्टाच नाही. आत दात्यांची चक्रं आणि दोन मोटरी असतात, चालवायला सीव्हीटीसारखं वाटतं म्हणून ते नाव. तिला हे दुखणं लागू नाही. तिची दुखणी निराळी, बॅटरीची.

वाशिष्ठीकाठ
आतापर्यंत सगळे तेलावर बोलताय. मी पाण्यावर बोलतो.

२२ जुलै २०२१, चिपळूण. गाडी बिल्डिंगखाली उभी होती. वर नेऊ म्हणेपर्यंत गुडघाभर झालं, मग जिना सोडून खाली उतरताच येईना. पाणी ओसरल्यावर बघतो तर गाडीच्या टपावर कोणाची तरी भाताची टोपली येऊन बसलेली, आत डॅशबोर्डच्या मीटरपर्यंत चिखल. गिअरबॉक्सला हवा घ्यायला एक बारीक नळी असते. गाडी बुडाली की तिथून पाणी आत. मेकॅनिकने तेल उपसलं तर डबाभर दुधाची कॉफी. तेल आणि पाणी घुसळून एक झालेलं. विमा कंपनीने टोटल लॉस केला, गाडी उचलून नेली, पैसे मिळाले, विषय संपला.

पण संपला नव्हता. दीड वर्षाने मोबाइलवर एक जाहिरात दिसली, गाडी कोल्हापूरकडची. तोच रंग, तेच मॉडेल. मागच्या काचेवर कासवाचा अर्धा खरवडलेला स्टिकर. लेकीने वेळासच्या कासव महोत्सवातून आणून चिकटवला होता. जाहिरातीत लिहिलेलं: "फॅमिली युज, एकदम टकाटक."

मास्तर, गाडी बघायला जाल तेव्हा सीटबेल्ट पूर्ण बाहेर ओढा, शेवटच्या टोकापर्यंत. धुणारे सीट धुतात, कार्पेट बदलतात, पण बेल्टच्या गुंडाळीत आतल्या टोकाला चिखलाची रेघ राहते. स्पेअर व्हीलखालचा खड्डा बघा, सीटच्या खालचे स्क्रू गंजलेत का बघा. सीव्हीटी असो की बैलगाडी, आधी हे.

आठळी
बापरे. कासवावर काटा आला.

चाकरमानी_४७
दापोलीच्या बाजूला पर्यटक पुळणीत गाड्या घालतात, त्या गाड्यांचंही हेच होणार. मागच्या डिसेंबरात कर्द्याला एक एसयूव्ही रुतली. तो पठ्ठ्या १५ मिनिटं ॲक्सिलरेटर दाबून बसला, चाकं जागच्या जागी भिरभिरतायत. शेवटी ट्रॅक्टरने ओढली. ट्रॅक्टरवाल्याने मागितले तीन हजार. भरती चढत होती, त्यामुळे घासाघीस झाली नाही.

स्पॅनर_पाना
सीव्हीटीसाठी याहून वाईट काही नाही. फिरत्या चाकाला एकदम पकड मिळाली की तो झटका थेट पट्ट्यावर. आणि ओढून नेणंही चूक. इंजिन बंद असलं की गिअरबॉक्सचा पंप बंद, म्हणजे तेल फिरत नाही. पुढची चाकं जमिनीवर ठेवून सीव्हीटी गाडी लांब ओढली की बसलाच फटका. सपाट ट्रकवर चढवूनच न्यायची.

मास्तर, चाचणीचं सांगतो. गाडी थंड असताना चालवायची, डीलरने आधी तापवून ठेवलेली नको. ब्रेक दाबून 'डी' (पुढे) आणि 'आर'मध्ये (मागे) आळीपाळीने टाका. एका सेकंदात शांतपणे लागली पाहिजे, धप्प नको. मग २० ते ४० च्या वेगात हलकं ॲक्सिलरेटर, थरथर येते का बघा. मग चढ. आवाज एकाच पट्टीत राहून वेग वाढत गेला तर घाबरू नका, सीव्हीटी तशीच चालते. पाय न हलवता इंजिनच्या फेऱ्यांचा काटा अचानक वर उडाला आणि वेग तिथेच राहिला, तर हात जोडून परत या. स्कॅनरवाला न्या, पण नुसता एरर कोड बघून फसू नका. बॅटरी काढली की बऱ्याच गाड्यांत कोड पुसले जातात. स्कॅनरमध्ये 'रेडिनेस' बघायला सांगा, ताजे पुसलेले असतील तर तिथे कळतं.

आणि तेल बदलाल ते पुस्तकात लिहिलंय तेच. साधं एटीएफ (नेहमीच्या ऑटोमॅटिकचं तेल) घातलंत तर पुढची पोस्ट आठळींसारखी लिहाल. एकदा ड्रेन केलं की साधारण अर्धंच तेल निघतं, म्हणून जुन्या गाडीत काही हजार किलोमीटरनंतर पुन्हा एकदा बदला.

देवरुखी_मास्तर
सगळ्यांचे मनापासून आभार. प्रिंट काढून खिशात ठेवतोय. शनिवारी दिवा पॅसेंजरने पनवेल.

(तीन आठवड्यांनी)

देवरुखी_मास्तर
उशिरा लिहितोय, माफ करा. मध्ये पेपर तपासणी होती.

शनिवारी दुपारी डीलरकडे पोचलो. पहिलं काम, बोनेटवर हात ठेवला. तवा. "सर, आत्ताच धुवून आणली," म्हणाला. मी म्हटलं, उद्या सकाळी येतो. कामोठ्याला मेहुणीकडे राहिलो, सकाळी साडेआठला, तो शटर वर करत असतानाच हजर. त्याचा चेहरा बघण्यासारखा होता.

गाडी गार होती. 'आर'मध्ये टाकली. काही नाही. मी मनात एक, दोन म्हटलं आणि तिसऱ्याला धप्पकन लागली. सीटबेल्ट स्वच्छ होते, वाशिष्ठीकाठ, अगदी टोकापर्यंत ओढून बघितले. पण २५ च्या वेगाला एसटीच्या शेवटच्या बाकावर बसल्यासारखी थरथर. डीलर म्हणाला, "सर, ऑटोमॅटिक आहे ना, असंच असतं." सर्व्हिसची बिलं मागितली. ६१,००० किमीमध्ये गिअरबॉक्स तेलाची एक ओळ नाही. वायपर मात्र चारदा बदललेले.

नमस्कार करून निघालो.

आता खरी गंमत. रत्नागिरीला मांडवीजवळ एक निवृत्त बँक अधिकारी, ओळखीतून कळलं. २०१७ची सीव्हीटी, ४३,००० किमी. त्यांनी आधी फाइल आणली, गाडी नंतर दाखवली. प्रत्येक बिल तारखेने लावलेलं, गिअरबॉक्सचं तेल दोनदा बदललेलं, त्याच्या ग्रेडखाली लाल पेनाने रेघ. थंड गाडी, 'आर' हलकेच लागली. हातखंब्यापर्यंत जाऊन आलो, कुठे थरथर नाही, आवाज नाही. ५ लाख ९० हजार म्हणाले.

मग खाली वाकलो. घर समुद्रापासून दीडशे पावलांवर आणि गाडी नऊ वर्षं उघड्यावर. खालचा पत्रा बाकरवडीसारखा सुटलाय. गिअरबॉक्स जपला, गाडी खाऱ्या वाऱ्याने खाल्ली. काय करू?

हेडलाइट
हाहा. या धाग्यात खाऱ्या वाऱ्याच्या गंजावर एक ओळ नाही, आणि राहतो आपण कोकणात.

स्पॅनर_पाना
चूक माझी, मीच लिहायला हवं होतं. लिफ्टवर चढवा. एक स्क्रू ड्रायव्हर घ्या आणि पुढची सबफ्रेम (इंजिनखालची लोखंडी चौकट), जॅक लावायच्या कडा, ब्रेकच्या नळ्यांच्या पकडी ठोकून बघा. पापुद्रा पडला आणि खाली "टण्ण" आवाज आला तर वरवरचा गंज आहे, निघतो. टोक आत घुसलं तर फाइलसकट परत द्या. ब्रेकच्या नळ्या गंजलेल्या असल्या तर त्या बदलायच्याच, तिथे काटकसर नको.

देवरुखी_मास्तर
काल लिफ्टवर चढवली. मी स्वतः ठोकलं. एका जॅकच्या कडेला थोडं घुसलं, बाकी सगळीकडे टण्ण. मागच्या ब्रेकची एक नळी खराब. अधिकारीकाकांनी नळीचं बिल स्वतः भरलं आणि ५ लाख ६५ हजारांना दिली. गाडी नावावर करायचे फॉर्म २९ आणि ३० त्यांनी आधीच भरून ठेवले होते, कार्बन कॉपीसह!

कोकमसार
अभिनंदन मास्तर! आता गंज घासून, पूर्ण सुकवून मग कोटिंग मारा, मेच्या आत. ओल्या गंजावर काळा रंग फासला की आत गुपचूप चालूच राहतं.

आठळी
अभिनंदन. घाटात एसी बंद करायची लाज वाटून घेऊ नका. आंबे कमी न्या.

देवरुखी_मास्तर
रविवारी आंबा घाट चढलो. लेकीसाठी आंब्याची एकच पेटी, आठळींच्या स्मरणार्थ. उतरताना 'एल'मध्ये (लो) टाकली, ब्रेकला जवळजवळ पायच लागला नाही. गुडघ्याने आभार मानलेत.

एकच अडचण उरलीय. डिकीत सुक्या बोंबलाचा वास आहे. काका दर शनिवारी बाजारातून घेऊन यायचे म्हणे, फाइलमध्ये याची नोंद नव्हती. कोळसा ठेवून झाला, कॉफी ठेवून झाली, दोन दिवस उन्हात उघडी ठेवली. गाडी तापली की परत येतो. कोणाला उपाय माहीत आहे का?

चाकरमानी_४७
नवीन धागा काढा.

तारकर्ली_तारू
मास्तरांनू, तो वास जावचो नाय. येत्या शनिवारी तुमीपण बोंबील घेवन या, मगे वास जुनो की नवो ता कोणाक कळाचा नाय.